हात लावू नका म्हणणाऱ्यांना

'चालतंय ना? मग हात लावू नकोस.' ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात नवशिक्याला मिळणारा हा पहिला उपदेश. ऑडिओ ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली, पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकली, की ज्येष्ठ मंडळी ती न वाचताच बंद करतात आणि वर त्याला शिस्त म्हणतात. पुण्यातले एक जाणते ध्वनिमुद्रक आहेत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. माझा पानिपतात छोटासा स्टुडिओ आहे. हरियाणवी रागनी, जागरणाची भजनं आणि रिफायनरीतल्या मराठी कुटुंबांच्या आरत्या असं जे येईल ते तिथे मुद्रित होतं. ड्रायव्हर अद्ययावत ठेवण्यावरून फोनवर आमची जुंपली, तेव्हा अण्णांनी हुकमाचं पान टाकलं. म्हणाले, ''अगं, तू पानिपतात बसलीस. तुला १४ जानेवारी मी सांगायला हवी का?''

त्यांच्या मनात १७६१ नव्हतं, २०२५ होतं. आणि दाखला खोटा नाही, म्हणूनच त्याचा समाचार आधी घेते.

१४ जानेवारी २०२५ ला मंगळवार होता. इकडे काला आंबला, १७६१ च्या लढाईच्या स्मारकाशी, महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींची गर्दी असते तो दिवस. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टचं मासिक सुरक्षा अपडेट आलं. ते बसवल्यावर विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्या अनेकांच्या यूएसबीवर चालणाऱ्या ऑडिओ पेट्या, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, मुक्या झाल्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड १०' आणि प्रणालीकडे पुरेशी साधनं नाहीत, असा संदेश. मायक्रोसॉफ्टने दोष कबूल केला. यूएसबी ऑडिओ १.० च्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या पेट्यांना हा त्रास होण्याची शक्यता जास्त, असंही सांगितलं. तोवरचा उपाय काय, तर बाहेरची पेटी वगळा आणि स्पीकर थेट संगणकाला जोडा. ज्याचा धंदाच त्या पेटीवर आहे त्याला हा सल्ला म्हणजे जखमेवर मीठ.

इथपर्यंत अण्णांचं सगळं बरोबर. पण त्या दिवशी जे आलं ते ऑडिओ ड्रायव्हरचं अपडेट नव्हतंच. ती संपूर्ण प्रणालीची सुरक्षा दुरुस्ती होती. इंटरनेटला जोडलेल्या, गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्ह खुपसल्या जाणाऱ्या संगणकावर ती घेऊ नका, असा सल्ला अण्णासुद्धा देणार नाहीत. दुसरं असं की मार जास्त करून बसला तो जुन्या, मागे पडलेल्या वाटेने जाणाऱ्यांना. यूएसबी ऑडिओचं पहिलं मानक १९९८ चं, दुसरं २००६ चं. त्या दुसऱ्या मानकाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये अंगभूत यायला २०१७ उजाडलं. अकरा वर्षं ते घोंगडं भिजत पडलं होतं. आणि कळीची गोष्ट म्हणजे, या बिघाडावरचा इलाज पुढच्या अपडेटमध्येच आला. 'आता पुन्हा हात लावणार नाही' अशी शपथ ज्याने त्या संध्याकाळी घेतली असेल, त्याची पेटी मुकीच राहिली असेल. उपदेश शब्दशः पाळणारा माणूस बरोबर बिघडलेल्या आवृत्तीवर अडकून पडतो. अण्णांचा दाखला अण्णांच्याच अंगावर उलटतो तो इथे.

आता मूळ शब्द घेऊ, 'चालतंय'. काय चालतंय म्हणता?

ऑडिओ ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि पेटी यांच्यात आवाजाचे आकडे वेळेवर पोचवणारा प्रोग्राम. सेकंदाला ४८,००० आकडे, म्हणजे सॅम्पल. ते एकेक न धाडता घाण्याघाण्याने धाडतात. त्या घाण्याला बफर म्हणतात. ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३३ मिलिसेकंद, १२८ चा २.६७, ५१२ चा १०.६७. आवाज आत येताना एक बफर, बाहेर जाताना एक, शिवाय पेटीतल्या रूपांतराचा आणि यूएसबीच्या राखीव साठ्याचा वेळ, अशी सगळी बेरीज म्हणजे गायकाने तोंड उघडल्यापासून तो आवाज त्याच्या हेडफोनमध्ये परत येईपर्यंतचा विलंब. विंडोज एक्सपीच्या काळात प्रणालीचा स्वतःचा मिक्सरच साधारण ३० मिलिसेकंद खाऊन टाकायचा. असा वळसा टाळायला स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्येच असिओ ही ड्रायव्हरची पद्धत आणली होती. ज्यांच्या पेटीला स्वतःचा असिओ ड्रायव्हर नव्हता, त्यांच्यासाठी मायकेल टिपाख या गृहस्थांनी असिओ फोर ऑल लिहिलं आणि फुकट दिलं. भारतातल्या गल्लीबोळांतले किती स्टुडिओ त्या एका प्रोग्रामवर उभे राहिले याची मोजदाद कुणी केलेली नाही. गाण्यांच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव अर्थातच नसतं.

अण्णा म्हणतात, दहा मिलिसेकंदांचं एवढं काय? आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंद हे साडेतीन मीटरही नव्हेत. ''वाद्यवृंदात तबलजी त्याहून लांब बसायचा. बालगंधर्वांच्या काळात कुणी विलंब मोजला होता का?''

युक्तिवाद गोड आहे, आणि फसवा. समोर बसलेल्या तबलजीचं अंतर ठरलेलं असतं. गाणाऱ्याचं अंग त्याला सरावतं. हेडफोन घातलेल्या गायकाचं तसं नसतं. स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येतो आणि तोच आवाज काही मिलिसेकंदांनी हेडफोनमधून पुन्हा येतो. दोन्ही एकमेकांत मिसळले की काही स्वर पोकळ होतात, काही फुगतात, आणि गायक सूर शोधत वर-खाली सरकू लागतो. बाहेर काचेपलीकडे बसलेला माणूस म्हणतो, आज गळा लागत नाहीये. गळा लागलेला असतो. आणि बालगंधर्वांच्या समोर ऑर्गन होता, हेडफोन नव्हता.

पण विलंब जास्त असणं हा त्यातल्या त्यात प्रामाणिक दोष. तो कळतो तरी. खरा घात करतो तो ड्रायव्हरने सांगितलेला खोटा विलंब.

रागनीचं मुद्रण कसं होतं ते सांगते. आधी हार्मोनियम आणि आवाज, मग घडा, मग बैंजो. हा बैंजो म्हणजे आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणतात तो. समालख्याच्या बाजूचा एक मुलगा घडा वाजवायला येतो. लय अशी पक्की की गिरणीच्या भोंग्याने घड्याळ लावावं आणि ह्याच्या हातावरून भोंगा. तर या मुलाचा घडा प्रत्येक गाण्यात किंचित मागे पडायला लागला. ऐकताना तो नेमका असायचा, मुद्रित झाल्यावर मागे. गायकाचे काका म्हणाले, ''मैडम जी, छोरा ढीला सै।'' मुलाने मान खाली घातली.

मी पेटीच्या आउटपुटमधून एक वायर काढून तिच्याच इनपुटमध्ये खोचली. संगणकातून एक टिचकी वाजवली, ती वायरीतून फिरून परत आली, ती मुद्रित केली. मग पडदा इतका मोठा केला की एकेक सॅम्पल ठिपक्यासारखं दिसावं. मूळ टिचकी आणि परतलेली टिचकी यांत अंतर होतं ६४० सॅम्पलचं. ड्रायव्हर मात्र सॉफ्टवेअरला सांगत होता ४१२. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेवढंच मुद्रण अलीकडे सरकवतं. उरलेली २२८ सॅम्पल, म्हणजे ४.७५ मिलिसेकंद, घड्याच्या माथी. घड्याच्या आधाराने बैंजो वाजवला, बैंजोच्या आधाराने टाळ्या, टाळ्यांच्या आधाराने कोरस, की चौथ्या थराला १९ मिलिसेकंदांचा लंगडेपणा. तोवर गाणं ढिलं वाटायला लागतं आणि बोट कुठे ठेवायचं ते कुणालाच कळत नाही.

त्या पेटीच्या कंपनीने काढलेल्या आणि मी न वाचता टाळलेल्या नव्या आवृत्तीच्या टिपेत एक ओळ होती. काही बफर-मापांना चुकीचा कळवला जाणारा विलंब दुरुस्त केला आहे, अशा अर्थाची. आवृत्ती बसवली, वायर पुन्हा खोचली, फरक शून्य.

आता अण्णांच्या भाषेत माझी पेटी 'चालत'च होती. खरखर नाही, बंद पडणं नाही, कुठे लाल दिवा नाही. फक्त एका पोराच्या हातावर खापर फुटत होतं. 'चालतंय' या शब्दाला माझा आक्षेप आहे तो हा, की ते कोणाच्या जिवावर चालतंय हे त्यात दिसत नाही. सगळी किंमत कलावंत मोजतो. जास्तीचे टेक देतो, बिदागी कमी घेतो, घरी जाऊन रियाज वाढवतो. आणि दोष असतो एका फाइलीत, जी बदलायला दहा मिनिटं लागतात.

यावर दुसरी फळी तयार असते. हे सगळं स्वस्तातल्या मालाचं दुखणं, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमधून उचललेली पेटी आणि जुना लॅपटॉप, चांगलं यंत्र घ्या आणि गप्प बसा. हा सल्ला देणारे बहुधा मॅकवाले असतात. त्यांना २०१८ ची आठवण करून द्यायला मला मनापासून आवडतं. त्या वर्षीच्या मॅकबुक प्रो, मॅकबुक एअर आणि मॅक मिनीवर यूएसबी ऑडिओ पेट्यांचा आवाज मधूनच तुटायचा. लाखालाखाची यंत्रं. संगीतकारांनी पेट्या बदलल्या, वायरी बदलल्या, काहींनी यंत्रच परत केलं. शेवटी वापरणाऱ्यांनीच धागा शोधला. संगणकाचं घड्याळ आपोआप जुळवून घ्यायची सोय बंद केली की तुटणं थांबतं! ॲपलची दुरुस्ती आली मार्च २०१९ मध्ये, मॅकओएस १०.१४.४ मध्ये. २०१८ च्या या तीन यंत्रांवर यूएसबी ऑडिओ पेट्या अधिक भरवशाने चालतील, एवढाच तिचा आशय. टिपेतली एक ओळ. 'हात लावू नका' म्हणणाऱ्याच्या महागड्या मॅकवर आवाज तुटतच राहिला असणार.

विंडोजकडेही तेच. ६४ सॅम्पलचा बफर ठेवला की दर १.३३ मिलिसेकंदांनी ड्रायव्हरला हजेरी लावावी लागते. त्याच वेळी वायफायचा, पडद्याच्या कार्डाचा किंवा बॅटरीचा ड्रायव्हर आपलं तातडीचं काम घेऊन मध्ये शिरला आणि दोन मिलिसेकंद अडून बसला, की ऑडिओची पाळी हुकते आणि स्पीकरमधून 'चट्' असा आवाज येतो. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम ही अडवणूक कोण करतंय ते नावानिशी दाखवतो. २०२३ मध्ये एन्व्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या टिपांत लेटन्सीमॉनमध्ये अशी अडवणूक वाढलेली दिसते, ही नोंद उघड दोष म्हणून आवृत्तीमागून आवृत्ती छापली जात होती. म्हणजे चूक चित्राच्या कार्डाची, शिव्या ऑडिओ पेटीला, आणि सल्ला 'नवा संगणक घ्या'. नव्या संगणकात कार्ड कुणाचं असणार होतं?

अण्णांच्या बाजूचा जो मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो तो वेगळाच आहे, आणि त्यांनी तो मांडलाच नाही. अपडेट म्हणजे दरवेळी दुरुस्ती नसते. कधी ती चक्क हकालपट्टी असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि ३२-बिटचे सगळे प्रोग्राम एका रात्रीत निकालात निघाले. संगीताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कित्येक कंपन्यांनीच तेव्हा गिऱ्हाइकांना 'थांबा' सांगितलं. २०२५ च्या मॅकओएस टाहोने फायरवायर या जुन्या जोडणीचा पाठिंबा काढून घेतला, आणि त्या वायरीवरच्या धडधाकट पेट्या टाहोवरच्या मॅकपुरत्या शोभेच्या वस्तू झाल्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. अशा वेळी जुनं यंत्र इंटरनेटपासून तोडून गोठवून ठेवणारा माणूस मूर्ख नाही. मीही मुद्रणाच्या आदल्या दिवशी काही बसवत नाही. आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढते आणि जुन्या आवृत्तीची फाइल जपून ठेवते. एवढी काळजी घेतली की 'अपडेट केलं आणि पानिपत झालं' म्हणायची पाळी येत नाही. (हा वाक्प्रचार इथल्या लोकांसमोर वापरून बघा. ते आपल्याकडे कीव करून बघतात. त्यांचं इथे चादरी-कांबळ्यांचं उत्तम चाललेलं आहे.)

पण गोठवणं हा इलाज म्हणून सांगू नये. गोठवलेल्या यंत्रावर गिऱ्हाइकाची नव्या आवृत्तीतली फाइल उघडत नाही. त्याचा पॉवर सप्लाय जळला की तसा मदरबोर्ड मिळत नाही. आणि यंत्र जगवायचं दुसरं तंत्र उपलब्ध आहे. आरएमई या जर्मन कंपनीचं फायरफेस ८०० हे फायरवायरवर चालणारं यंत्र २००४ चं. दोन दशकांनंतरही विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर मिळतो. लिनक्समध्ये फायरवायरचा सांभाळ ताकाशी साकामोतो हे गृहस्थ करतात आणि २०२९ पर्यंत तो करण्याचा त्यांचा इरादा जाहीर आहे. त्याच लिनक्सच्या गाभ्यात, काम ठरल्या वेळी झालंच पाहिजे अशी हमी देणारी रिअल-टाइमची सोय, सुमारे वीस वर्षं बाहेर बाहेर सांधत राहिल्यावर, नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीत मूळ प्रवाहात आली. जुन्या पेट्या जगल्या त्या कुणीतरी हात लावत राहिलं म्हणून. फायरफेस ८०० वाला अभिमानाने सांगतो, 'बघा, वीस वर्षं झाली, अजून चालतंय.' त्यामागे ड्रायव्हरच्या किती आवृत्त्या खपल्या ते त्याला ठाऊक नसतं.

माझा मुख्य राग मात्र अण्णांवर नाही. 'हात लावू नका' ही वृत्ती कुणाच्या पथ्यावर पडते ते पाहा. पेटी विकून मोकळ्या झालेल्या कंपन्यांच्या. गिऱ्हाईक अपडेट मागत नसेल तर ड्रायव्हर लिहिणारा माणूस पगारावर ठेवायचा कशाला? दोन वर्षांनी तीच पेटी नव्या रंगात आणली की झालं. आणि ज्या कंपन्या अपडेट काढतात त्यांतल्या बऱ्याच जणी टिपेत काय लिहितात? 'किरकोळ दोष दूर केले, कामगिरी सुधारली.' यातून मी काय बोध घ्यावा? माझ्या घड्याचे ४.७५ मिलिसेकंद किरकोळमध्ये येतात की नाही? औषधाच्या बाटलीवर 'प्रकृतीस बरे' एवढंच छापलं तर अन्न व औषध प्रशासन दुकानाला कुलूप लावेल. ड्रायव्हरच्या टिपेत कुठला दोष होता, कुठल्या यंत्रावर, कुठल्या बफरला, केव्हापासून, हे लिहिलंच पाहिजे. ते लिहिलेलं असतं तर अण्णांसारख्या सावध माणसालाही हे अपडेट आपल्याला हवं की नको ते ठरवता आलं असतं. आंधळेपणाने घेणं आणि आंधळेपणाने टाळणं, दोन्ही याच मोघमपणाची पिलावळ आहे.

दोष दुरुस्त होतो तो तक्रार नोंदवली जाते तिथला. बर्लिनच्या स्टुडिओत सहसा वीज जात नाही. इथे जाते, आणि उन्हाळ्यात दिवसातून किती वेळा ते विचारू नका. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, प्रोसेसर आपला वेग उतरवतो, बॅटरीवर लक्ष ठेवणारा विंडोजचा ड्रायव्हर जागा होतो, आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या पेटीचा आवाज फाटतो. नुसता फाटत नाही, पुढचं अर्धं मिनिट खरखरतो. इन्व्हर्टर असला तरी त्याच्या उडीत व्हायचं ते होतंच. पानिपत, रोहतक, सोनीपतचे पोरसवदा ध्वनिमुद्रक याला 'लाइट का चक्कर' म्हणतात आणि टेक पुन्हा घेतात. कंपनीला कुणी कळवत नाही, कारण तक्रारीचा अर्ज इंग्रजीत, वर अर्ध्या रकान्यांत काय भरायचं ते कळत नाही. मग कंपनीच्या लेखी हा दोष अस्तित्वातच नाही. आणि पुण्यातून फोन येतो की चालतंय ते चालू दे.

आम्ही तिघाचौघांनी मिळून तो अर्ज भरला. कुठला लॅपटॉप, ड्रायव्हरची कुठली आवृत्ती, ४८,००० चा दर, १२८ चा बफर, लेटन्सीमॉनचा अहवाल, आवाज फाटतानाची फाइल. कंपनीचं उत्तर आलं की आमच्याकडे हे घडत नाही, घडवून दाखवा. मग समालख्याच्या त्या पोराने मोबाइल धरला आणि मी गाणं चालू असताना चार्जरची पिन उपटली. ते चित्रण पाठवलं. दोष मान्य झाल्याचं पत्र आलं आहे. दुरुस्ती कुठल्या आवृत्तीत येणार ते अजून सांगितलेलं नाही, म्हणून दर सोमवारी विचारणा करायचं काम आता त्या पोराने आपणहून अंगावर घेतलं आहे.